चॅनल बंद करा, म्हणजे झालं!

कॅल्शियमवर सध्या दोन खटले एकाच वेळी चालू आहेत आणि दोन्हीकडे फिर्यादी एकच आहे. सकाळच्या मेसेजमध्ये तो सांगतो की कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा, दूध कमी करा, कारण कॅल्शियममुळे कॅन्सर पसरतो हे ‘परदेशी शास्त्रज्ञांनी’ सिद्ध केलंय. रात्रीच्या मेसेजमध्ये तोच सांगतो की कॅन्सरवरचा उपाय तुमच्या घरातच आहे, बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटात. ॲम्लोडिपिन कॅल्शियमचे चॅनल बंद करते, म्हणजे कॅन्सरची वाटच बंद करते. पण गोळी पडली स्वस्त, म्हणून औषध कंपन्या तोंडातून ब्र काढत नाहीत. दोन्ही मेसेजखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. यात भर म्हणून एक तिसरा, शिकलेला गृहस्थ असतो. तो दोन्ही मेसेजना हसतो आणि ऐटीत म्हणतो, “कॅन्सर हा जनुकांचा आजार हो. आयन-बियन हे पीएचडीवाल्यांचे उद्योग.”

मला तिघांचाही राग येतो, तिसऱ्याचा अंमळ जास्त.

मेसेजवाल्यांवर अन्याय नको, म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडतो. पेशीच्या आवरणात कॅल्शियमला आत येण्याचे मार्ग असतात, तेच चॅनल. चॅनल उघडलं की कॅल्शियम आत येतं. आत आलं की पेशी हलते, सरकते. कॅन्सरची पेशी मूळ गाठ सोडून सरकू लागली की कॅन्सर पसरतो, आणि कॅन्सरनं माणसं दगावतात ती बहुतेकदा या पसरण्यानंच. कॅल्शियम चॅनल बंद करणारी औषधं तर कित्येक दशकं बाजारात आहेत. मग घोडं पेंड खातंय कुठं? यातलं एकेक वाक्य सुटं काढून पाहा, खोटं असं एकही म्हणता येणार नाही. म्हणून तर हा युक्तिवाद चटकन गळी उतरतो. सगळा घोटाळा ती वाक्यं एकमेकांना जोडताना झालाय. कुठलं चॅनल, कुठल्या पेशीतलं, कोणत्या क्षणी उघडलेलं, हे प्रश्न वाटेत गाळून टाकले की काहीही काहीशीही जोडता येतं.

आधी गोळीतल्या कॅल्शियमचं पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातलं कॅल्शियम दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पॅराथायरॉइड ग्रंथी, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडं मिळून ते त्या पट्ट्याबाहेर सहसा जाऊ देत नाहीत, मग तुम्ही ग्लासभर दूध जास्त प्या नाहीतर कमी. पेशीच्या आत तर न्यारीच तऱ्हा. तिथलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी कमी असतं. ते कमीच राहावं म्हणून पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर उपसते किंवा आतल्या कोठारात कोंडून ठेवते. दहा हजार पट साठा उंबऱ्याबाहेर जन्मभर उभाच असताना तुमच्या एका गोळीनं त्यात काय मोठी भर पडणार?

हे नुसतं तर्कावर सोडायचं कारण नाही. अमेरिकेत ३६,२८२ रजोनिवृत्त स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सरासरी सात वर्षं. २००६ मध्ये निकाल आला तेव्हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, आणि पुढे स्तनाच्या कॅन्सरचा हिशेब निघाला त्यातही फरक दिसला नाही. म्हणजे ज्यांना कॅल्शियम हे कॅन्सरवरचं कवच वाटत होतं तेही तोंडघशी पडले आणि ज्यांना विष वाटत होतं तेही. नुसत्या निरीक्षणांवर आधारलेल्या काही अभ्यासांत भरपूर कॅल्शियम खाणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर थोडा जास्त आढळला, हे खरं. पण त्याच धाटणीच्या अभ्यासांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी आढळला. आता यातला कोणता फॉरवर्ड करायचा?

“पण आमच्या काकांच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम वाढलेलं होतं आणि मग कॅन्सर निघाला!” निघाला असेल. फक्त क्रम उलटा लावलात. काही गाठी पॅराथायरॉइडच्या हार्मोनशी साम्य असलेलं एक प्रथिन रक्तात सोडतात. हाडात जाऊन बसलेल्या कॅन्सरपेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. हाड विरघळतं आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. कॅन्सरनं कॅल्शियम वाढवलं, कॅल्शियमनं कॅन्सर आणला नाही. आणि या उलट्या क्रमाची किंमत कोण मोजतं? स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका. त्या औषधानं हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टर जोडीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून देतात. घरातला एखादा हुशार मेसेज वाचतो आणि नेमकी तीच गोळी ताटातून काढतो. उद्या पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर तो दोष कुणाचा, हे मात्र कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

पेशीत कॅल्शियम हा माल नाही, निरोप आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात आली असती तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

आणि हे काही कालपरवा कळलेलं नाही. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात ठेवून धडधडतं का ते पाहत होता. ते छान धडधडत होतं. मग उलगडा झाला की द्रावण करणाऱ्यानं ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी घेतलं होतं. रिंगरनं शुद्ध पाणी घेऊन तेच द्रावण पुन्हा केलं, तर हृदयाचं आकुंचन मंदावत मंदावत थांबलं. लंडनच्या नळाच्या पाण्यात जे चिमूटभर कॅल्शियम होतं, त्यावर सगळा खेळ चालला होता. १८८३ मध्ये त्यानं हे छापून जाहीर केलं. आपल्या दवाखान्यांत सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं ते याच गृहस्थाचं नाव, आणि त्या बाटलीत आजही थोडं कॅल्शियम असतं. इतकं थोडं कॅल्शियम हृदयाला पुरतं, कारण ते स्नायूचं अन्न नसतं. आता आवळ, आता सोड, एवढंच ते सांगत असतं.

कॉलचे दर परवडत नव्हते त्या काळातले मिस्ड कॉल आठवा. एक रिंग म्हणजे घरी पोचलो, दोन म्हणजे खाली ये. फोनमधून पलीकडे काहीच गेलेलं नसायचं आणि तरी सगळं कळलेलं असायचं. कोणाच्या फोनवर, किती वाजता, किती रिंगा, यातच निरोप होता. पेशीतलं कॅल्शियम अगदी असंच वागतं. रिकार्डो डॉल्मेच आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पांढऱ्या पेशींत दाखवून दिलं की कॅल्शियमची मोठी पण थोडा वेळ टिकणारी उसळी जनुकं चालवणाऱ्या एका प्रथिनाला जागं करते, तर लहान पण रेंगाळणारी वाढ दुसऱ्याच प्रथिनाला. पुढच्याच वर्षी कळलं की उसळ्या किती वेळाने येतात, त्यावरही उत्तर बदलतं. आयन तोच, पेशी तीच, निरोप वेगवेगळे. अशा व्यवस्थेत ‘कॅल्शियम वाढलं’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

आता सरकणारी पेशी जरा जवळून पाहू, कारण सगळं भांडण तिच्यावरून आहे. काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली ती पुढच्या बाजूला पातळ पदर पसरते, त्या पदरानं पृष्ठभागाला चिकटते आणि मग मागची चिकटलेली बाजू सोडवून पुढे ओढून घेते. कॅल्शियम जितकं जास्त तितकी पेशी धावते, असं सरळ असतं, तर पुढच्या टोकाला कॅल्शियम जास्त हवं होतं. असतं उलटं: पुढे सरासरी कमी, मागे जास्त. मागच्या बाजूला कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, त्यातून मायोसिन आखडतं आणि शेपूट ओढली जाते. कॅल्पेन हे एंझाइम चिकटलेल्या जागा कापून मोकळ्या करतं. पुढच्या टोकाला मात्र क्षणभर लुकलुकून विझणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसतात. चीनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पेशीनं कुठं वळायचं ते हे ठिपके ठरवतात आणि त्यांच्यामागे टीआरपीएम-७ नावाचं चॅनल असतं. पेशीभर कॅल्शियम एकसारखं वाढलं तर पुढं-मागं हा भेदच पुसला जाईल, मग ती जाणार कुठं?

त्याच वर्षी आणखी एक शोधनिबंध आला, आणि आपले मेसेजवाले खरं तर त्याचेच नातू आहेत, आजोबांचं नाव ठाऊक नसलेले. त्याला पार्श्वभूमी आहे. आतलं कोठार रिकामं झालं की पेशी बाहेरून कॅल्शियम घेते, ही कल्पना जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडली. पण कोठार रिकामं झाल्याचं ओळखणारा कोण आणि चॅनल कोणतं, हे कळायला वीस वर्षं गेली. ओळखणारं प्रथिन स्टिम-१ हे २००५ मध्ये सापडलं, चॅनल ओराय-१ हे २००६ मध्ये. मग २००९ मध्ये ‘कॅन्सर सेल’मध्ये दिसलं की स्तनाच्या कॅन्सरच्या आक्रमक पेशींत ही दोन प्रथिनं कमी केली तर पेशींचं सरकणं मंदावतं आणि उंदरांमध्ये कॅन्सर कमी पसरतो. हा प्रयोग मी मानतो. चांगला आहे, महत्त्वाचा आहे. पण तो ओराय-१ वरचा आहे. तुमची ॲम्लोडिपिन बंद करते ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतलं, विजेच्या दाबावर उघडणारं वेगळ्याच कुळातलं चॅनल. दोघांतून कॅल्शियम जातं एवढं एक साम्य सोडलं तर हा शुद्ध बादरायण संबंध आहे.

बरं, ओराय-१ चं नेमकं औषध उद्या हाती आलं असं धरू. सरसकट बंद करून टाकायचं? ओराय-१ सापडलं ते कसं, हे विचारा. जन्मतःच प्रतिकारशक्ती कोलमडलेल्या मुलांच्या पेशी तपासताना. त्यांच्या टी-पेशींत हेच चॅनल काम करत नव्हतं आणि साधे जंतूही त्यांच्या जिवावर उठत होते. त्याच टी-पेशींना कॅन्सरवर सोडण्यावर आजची इम्युनोथेरपी उभी आहे. म्हणजे चोराची वाट अडवायची म्हणून पोलिसांचीच चौकी उठवायची?

याहून वाईट बातमी प्रोस्टेटची आहे. तिथल्या कॅन्सरपेशींत ओराय-१ कमी झालं की पेशी मरायला तयार होत नाहीत, हे २०१० मध्ये दिसलं. ज्या कॅल्शियमनं तिनं आत्महत्या करायची तेच आत येत नाही, म्हणून ती टिकून राहते. पुढे २०१४ मध्ये असंही आढळलं की अशा पेशी ओराय-१ च्या जोडीला ओराय-३ घेऊन चॅनलची बांधणीच बदलतात आणि वाढीला सोयीचं तेवढं कॅल्शियम घेतात. म्हणजे एका अवयवात जे बंद केल्यावर फायदा होण्याची आशा, तेच दुसऱ्यात बंद केलं तर कॅन्सरला अभय. थॅप्सिगार्गिन या वनस्पतीजन्य विषाची कथा तर आणखी उलटी. ते आतलं कोठार भरू देत नाही, पेशीत कॅल्शियम वाढवत नेतं आणि पेशीला मारतं. त्याच्यापासून प्रोस्टेटच्या गाठीत गेल्यावरच जागं होईल असं औषध करून माणसांवर चाचण्या झाल्या. एक गट कॅल्शियम अडवू पाहतो, दुसरा ते ओतू पाहतो, आणि दोघेही शहाणे आहेत. मूर्ख आहेत ते ‘चॅनल बंद करा, म्हणजे झालं’ म्हणणारे.

बीपीच्या गोळीची बदनामी आणि आरती, दोन्ही जुन्या. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका अभ्यासात ही औषधं घेणाऱ्या वयस्कर लोकांत कॅन्सर जास्त दिसला आणि हलकल्लोळ झाला. २००२ मध्ये ३३,३५७ लोकांवरच्या ‘ऑलहॅट’ चाचणीत ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर इतर औषधांपेक्षा जास्त निघाला नाही. २०१३ मध्ये सिएटलच्या एका अभ्यासात दहा वर्षांहून अधिक काळ या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर अडीचपटीच्या आसपास दिसला, पुन्हा बोंब; नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी ते उचलून धरलं नाही. पण बीपीच्या गोळ्या भीतीनं सोडून दिलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न बोंब मारणाऱ्यांना पडत नाही. पक्षाघात फॉरवर्ड होत नाही ना.

आरतीवाल्यांसाठी व्हेरापॅमिलचा किस्सा. १९८१ मध्ये जपानच्या ताकाशी त्सुरुओ यांनी दाखवलं की केमोथेरपीला दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी व्हेरापॅमिल दिल्यावर पुन्हा दाद देतात. केवढी आशा! व्हेरापॅमिल म्हणजे पक्कं कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. पण खोलात गेल्यावर कळलं की इथं कॅल्शियमचा संबंधच नव्हता. पेशीतून औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो, व्हेरापॅमिल त्या पंपाच्या आड येत होतं. आणि माणसात तेवढा परिणाम साधायला जो डोस लागे, तो हृदयाला झेपेना. स्वस्त होतं, ओळखीचं होतं, कुणी दडवलंही नव्हतं. उलट ढीगभर चाचण्या झाल्या. तरी जमलं नाही. जगात काही गोष्टी कारस्थान नसतानाही जमत नाहीत, हे पचवायला इतकं जड का जावं?

आता आमचे शिकलेले गृहस्थ. कॅन्सर जनुकांचा आजार, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कॅन्सर सुरू होण्यापुरतं ते ठीक आहे. पण पसरण्याचं काय? मूळ गाठीत नाही आणि पसरलेल्या गाठीत हमखास आहे, असा एखादा ठरलेला जनुकीय बदल शोधून शोधूनही फारसा हाती लागलेला नाही. तीच जनुकं घेऊन एक पेशी जागेवर बसते आणि दुसरी निघते, हा फरक बराचसा निरोपांचा आहे. २०१९ मध्ये ‘नेचर’नं एकाच वेळी छापलेल्या निबंधांनी तर डोळे पांढरे व्हायची वेळ आणली. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि हायडेलबर्गच्या फ्रँक विंकलर यांच्या गटांनी दाखवलं की मेंदूतल्या ग्लायोमाच्या पेशींशी निरोगी चेतापेशी चक्क सांधे जुळवतात. चेतापेशी बोलली की कॅन्सरपेशीत कॅल्शियमची लाट उठते आणि गाठ वाढते, मेंदूत आत घुसते. तिसऱ्या निबंधात स्तनातून मेंदूत गेलेल्या पेशी अशाच सांध्यांपाशी जाऊन ग्लुटामेट उचलताना दिसल्या. २०२३ मध्ये हायडेलबर्गहूनच कळलं की ग्लायोमाच्या जाळ्यात मोजक्या पेशी स्वतःहून ठेक्यात कॅल्शियमचे ठोके देतात आणि बाकीचं जाळं त्या ठेक्यावर चालतं. रोग्याचा विचार आणि रोग्याची गाठ एकाच तारेवर बोलत असताना कुणी ‘आयन-बियन’ म्हणत असेल, तर त्याला अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला म्हणण्यापलीकडे मला शब्द सापडत नाही.

राहता राहिलं ‘स्वस्त औषध दाबून टाकतात’ हे पालुपद. त्याला उत्तर द्यायला परदेशी जायला नको, परळला या. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत एक साधी गोष्ट करून पाहिली: गाठीला सुरी लावण्याआधी सात ते दहा मिनिटं, गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन. दाढ काढताना दंतवैद्य जी भूल देतो, तीच जात. लिडोकेन बंद करतं ते सोडियमचं चॅनल. कॅल्शियमचं सख्खं नव्हे, पण चुलत भावंडच. आणि कापताना ढवळलेल्या गाठीतून पेशी सुटू नयेत म्हणून त्या क्षणी त्यांची चॅनल गप्प करावीत, हा त्यामागचा विचार. २०११ पासून देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रिया या चाचणीत घेतल्या गेल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ८६.६ टक्के रोगमुक्त होत्या, न मिळालेल्यांपैकी ८२.६ टक्के. जिवंत असण्याचं प्रमाण ९०.१ विरुद्ध ८६.४. जवळजवळ फुकट औषध, सरकारी अनुदानावर चालणारी संस्था, निकाल जगापुढे उघडा. दाबलं कुणी?

आणि हेच इंजेक्शन माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. रुग्णांना घरी न्यायला लिडोकेनची बाटली कुणी दिली नाही, वर्षभर चॅनल बंद ठेवा असं कुणी सांगितलं नाही. गाठीभोवतीची तेवढी जागा, सुरीआधीची तेवढी मिनिटं. लिडोकेनसारखं रोजच्या वापरातलं औषध अचूक जागी आणि अचूक क्षणी पोचलं तर काय होऊ शकतं, हे मोजायला सुमारे दहा वर्षं रुग्ण घ्यावे लागले आणि त्यांच्या मागे पाच-पाच वर्षं राहावं लागलं. तेव्हा यापुढे कुणी कॅल्शियमचं औषध सुचवलं, तर त्यानं आधी चॅनलचं नाव सांगावं, पेशी कुठली ते सांगावं, कधी आणि किती वेळ बंद करणार ते सांगावं, आणि ज्या माणसांवर ते तपासलं त्यांची मोजदाद दाखवावी. तोवर माझ्या शेजारणीची बीपीची गोळी आणि तिच्या आईचं कॅल्शियम, दोन्हींवरचे हात बाजूला घ्या.